बटण दाबण्याआधी आकडा लिहा

पारदर्शक रॉकेटचे ॲनिमेशन आता बहुतेकांनी पाहिलेले असते. बाहेरचे कवच काढून टाकलेले, टाक्यांमधले द्रव रंगवलेले: केरोसीन लाल, हायड्रोजन नारिंगी, ऑक्सिजन निळा. उड्डाण सुरू होते, पातळ्या खाली सरकू लागतात आणि स्पेस शटलची अवाढव्य बाह्य टाकी साडेआठ मिनिटांत रिकामी होते. दृश्य देखणे असते आणि तपशिलातही सहसा चूक नसते. पण ते पाहून उठलेल्या विद्यार्थ्याला विचारा, टाकीत जास्त काय होते? तो हायड्रोजन म्हणेल. त्याच्या डोळ्यांनी तेच पाहिले, नारिंगी भाग निळ्याच्या जवळजवळ पावणेतीनपट होता. प्रत्यक्षात त्या टाकीत हायड्रोजन सुमारे १०६ टन असे आणि ऑक्सिजन सुमारे ६२९ टन. द्रव हायड्रोजन घनमीटरला जेमतेम ७१ किलो भरतो, द्रव ऑक्सिजन ११४० किलोच्या आसपास. चित्राने आकारमान दाखवले, आणि रॉकेटचा सगळा हिशोब चालतो वस्तुमानावर.

यात ॲनिमेशन करणाऱ्याचा दोष नाही. दोष आहे तो व्हिडिओ सुरू करण्याआधी एकही प्रश्न न विचारण्याचा. ‘वजनाने कोण जास्त आणि किती पट?’ एवढे विचारून प्रत्येकाला वहीत आकडा लिहायला लावला असता, तर तीच नारिंगी टाकी पाहताना डोके चालले असते. आणि सहापट हे उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: पाणी तयार होताना हायड्रोजनच्या आठपट ऑक्सिजन लागतो, मग इथे सहाच पट का? कारण न जळलेला हायड्रोजन शिल्लक ठेवला की बाहेर पडणाऱ्या वायूचे रेणू सरासरीने हलके होतात, हलके रेणू जास्त वेगाने बाहेर पडतात, शिवाय ज्वलनकक्षाचे तापमानही आवाक्यात राहते. पाहता पाहता संपणारे चित्र इथे प्रणोदनाच्या गाभ्यापर्यंत पोचते.

रॉकेट शिकवणाऱ्या व्हिडिओंवर, सिम्युलेटरवर, आभासी वास्तवाच्या चष्म्यांवर शाळा आणि विज्ञान केंद्रे आता बराच पैसा घालू लागली आहेत. खरेदी करताना पाहिले जाते ते चित्र किती खरे वाटते, मुले किती वेळ रमतात, यंत्रावर किती सुरळीत चालते. या निकषांवर निवडलेले साधन बहुतेक वेळा वाया जाते. कसोट्या दोनच हव्यात. पहिली, हे साधन वापरणाऱ्याला आधी आकडा सांगायला लावते का, किंवा निदान शिक्षकाला तशी जागा ठेवते का? दुसरी, त्यात रॉकेट फसले तर ते खऱ्या कारणाने फसते का?

पहिल्या कसोटीला चांगला आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर यांच्या गटाने भौतिकशास्त्राच्या वर्गातल्या प्रात्यक्षिकांची तपासणी केली आणि निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रात्यक्षिक नुसते पाहिलेल्या विद्यार्थ्यांची समज, ते मुळीच न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाही. काय होईल याचा अंदाज आधी नोंदवणाऱ्यांची समज मात्र स्पष्टपणे वाढली, आणि त्यासाठी वर्गाची जेमतेम दोन-चार मिनिटे जास्त गेली. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या २००८ च्या प्रबंधात व्हिडिओंबद्दल असेच दाखवले. सरळ, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, सोपा वाटला, पण चाचणीतले गुण जवळपास तसेच राहिले. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती खोडली, तो त्यांना गोंधळाचा वाटला. गुण त्यानेच वाढले. समजल्याची भावना आणि समज या दोन गोष्टी किती लांब असू शकतात, हे देखणी साधने विकणाऱ्यांना सांगावे लागते. विकत घेणाऱ्यांना तर नक्कीच.

आता सिम्युलेटरकडे वळू. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या रॉकेट बांधून उडवण्याच्या संगणकावरच्या खेळाने कक्षायांत्रिकी जितक्या लोकांच्या हाताला आणि डोळ्याला शिकवली, तितकी क्वचितच एखाद्या पाठ्यपुस्तकाने शिकवली असेल. कक्षेत पुढच्या यानाला गाठायचे असेल तर वेग वाढवून चालत नाही, आधी कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते. हे वाक्य वाचून पटत नाही, दोन याने जोडण्याचे प्रयत्न फसल्यावर पटते. नवखा खेळाडू रॉकेट सरळ वर नेतो, शंभर किलोमीटर गाठतो आणि मग ते जसे गेले तसेच खाली येते. उंची आणि कक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा कळते. शिवाय सरळ वर जाताना दर सेकंदाला ९.८ मीटरचा वेग गुरुत्वाकर्षण खाऊन टाकते. थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा रेटा, वजनाच्या १.३ पट असेल, तर त्यातला सुमारे ७७ टक्के भाग नुसते वजन तोलण्यात जातो. म्हणून रॉकेट लवकर कलू लागते. हे अपयश अगदी खऱ्या कारणाने आलेले आहे, आणि दुसऱ्या कसोटीवर हा खेळ इथे पूर्ण गुण मिळवतो.

पण त्याच खेळात एक मोठी सवलत दडलेली आहे आणि ती शिक्षकाने उघड केलीच पाहिजे. खेळातला ग्रह कर्बिन याची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर आहे, पृष्ठभागावरचे गुरुत्व मात्र पृथ्वीइतकेच. त्यामुळे तिथे कक्षेतला वेग सेकंदाला २.३ किलोमीटरच्या आसपास येतो आणि वातावरण व गुरुत्वाचा तोटा धरून साधारण ३.४ किलोमीटर डेल्टा-व्ही (इंजिनाने वेगात घडवायचा एकूण बदल) पुरतो. पृथ्वीवरून खालची कक्षा गाठायला सुमारे ९.४ किलोमीटर लागतो. हा फरक तिपटीहून थोडा कमी दिसतो, पण रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या समीकरणात तो घातांकात जातो. वेगातला बदल म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग गुणिले सुरुवातीच्या आणि शेवटच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. वायूचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरा. कर्बिनवर वस्तुमानांचे गुणोत्तर ३.१ येते: १०० टनांच्या रॉकेटमधले ३२ टन कक्षेत पोचतात. पृथ्वीवर तेच गुणोत्तर २३ होते. १०० टनांतले सव्वाचार-साडेचार टन उरतात, आणि त्यात रिकाम्या टाक्या, इंजिने, तारा, नळ्या आणि सोबत न्यायचा उपग्रह, सगळे बसवायचे! एकाच टप्प्यात कक्षा गाठणारे रॉकेट खेळात दुपारभरात जमते आणि प्रत्यक्षात अजून कुणाला का जमले नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. ते गुणोत्तर आधी कागदावर काढायला लावले नाही, तर विद्यार्थी या खेळातून शिकतो ते इतकेच की रॉकेट बांधणे सोपे असते.

म्हणून वर्गात हा खेळ वापरायचा तर क्रम ठरलेला असावा. आधी यान आणि मुक्काम ठरवायचा. प्रत्येक टप्प्याचे भरलेले आणि रिकामे वस्तुमान लिहून घ्यायचे, इंजिनाच्या विशिष्ट आवेगाला (इंजिन किती काटकसरी आहे ते सांगणारा सेकंदांतला आकडा) ९.८१ ने गुणून वायूचा वेग काढायचा, मग प्रत्येक टप्प्याचा डेल्टा-व्ही. खेळ हा आकडा स्वतःच काढून दाखवतो. ती पट्टी बंद ठेवावी, नाहीतर सगळा व्यायाम फुकट जातो. कक्षेत पोचल्यावर किती प्रणोदक (इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिजन) उरेल याचा अंदाज टनांमध्ये लिहायचा. मगच उडवायचे. अंदाज आणि प्रत्यक्षातला फरक म्हणजे गुरुत्वाचा आणि हवेचा तोटा, अधिक उडवणाऱ्याची चूक. दुसऱ्या उड्डाणात फक्त कलण्याची उंची बदलायची, बाकी काही नाही. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की फरक कशामुळे पडला ते कळत नाही, आणि मुले नेमके तेच करतात.

इंजिनाच्या बाबतीत मात्र हा खेळ दुसऱ्या कसोटीवर सपशेल नापास होतो. त्यातली बहुतेक इंजिने शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत हवी तशी कमी-जास्त होतात, हवी तितक्या वेळा पेटतात, क्षणात पूर्ण जोर धरतात. स्पेस शटलचे आरएस-२५ इंजिन ६७ ते १०९ टक्क्यांच्या पट्ट्यातच चालवले जाई. अवकाशात इंजिन पुन्हा पेटवायचे तर आधी छोट्या मोटरी चालवून टाकीतला तरंगता द्रव तळाशी बसवावा लागतो. नाहीतर पंपात वायूचे बुडबुडे शिरतात आणि भाररहित झालेला पंप बेफाम वेगाने फिरू लागतो. हौशी लोकांनी या खेळासाठी केलेल्या सुधारणांमध्ये मर्यादित वेळा पेटणारी इंजिने आणि हे द्रव बसवण्याचे बंधनही आहे. वर्गासाठी त्या सुधारणा मूळ खेळापेक्षा जास्त मोलाच्या आहेत, जरी त्यांनी खेळाची मजा थोडी कमी होते.

नॉझल, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी, ही दृश्य माध्यमांची सर्वांत दुबळी जागा आहे. जवळपास प्रत्येक ॲनिमेशनमध्ये ज्वाळा कक्षातून अरुंद घशात येते आणि पुढच्या रुंद घंटेत पसरते. पसरताना तिचा वेग वाढतो की घटतो? बागेतल्या नळीचा अनुभव सांगतो, रुंद जागी प्रवाह मंदावतो. घशाच्या अलीकडे तो नियम खरा आहे, पलीकडे नेमका उलटा होतो. घशाशी प्रवाह ध्वनीच्या वेगाला पोचतो. तिथला दाब कक्षातल्या दाबाच्या सुमारे ५६ टक्के राहतो. त्यापुढे वायू इतका झपाट्याने विरळ होत जातो की रुंद वाटेतही त्याला वेग वाढवावाच लागतो. हे एका बाणाच्या चित्राने कळणारे नाही. चित्राखाली एकाच अक्षावर तीन आलेख हवेत: दाब, तापमान, वेग. ॲनिमेशन करणाऱ्यांनी पदरचे एवढे तरी घालावे. ज्वाळेचा रंग खरा दिसावा म्हणून ते जितके राबतात, त्याच्या दहाव्या हिश्शात हे होईल.

नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने नॉझल आणि छोट्या रॉकेटसाठी केलेली जुनी साधने दिसायला अगदीच साधी आहेत: सरकपट्ट्या, आकड्यांची खोकी, एक रेषाचित्र. शिकण्यासाठी ती चकचकीत चित्रफितींपेक्षा सरस आहेत, कारण त्यांत दाब, क्षेत्रफळ, तापमान आपण ठरवतो आणि उत्तर आकड्यात येते. प्रश्न असा विचारावा: बाहेरची हवा काढून टाकली तर थ्रस्ट वाढेल की घटेल, आणि किती टक्के? रॉकेट हवेला रेटून पुढे जाते असे मनात धरलेला विद्यार्थी ‘घटेल’ लिहितो. आरएस-२५ चा विशिष्ट आवेग समुद्रसपाटीला ३६६ सेकंद आणि निर्वातात ४५२ सेकंद आहे, म्हणजे २३ टक्क्यांहून जास्त वाढ. स्वतःच्या अक्षरात लिहिलेले ‘घटेल’ समोर असताना हा आकडा पाहणे आणि नुसता पाहणे, यांत फार फरक आहे.

त्यानंतर लगेच दुसरा प्रश्न: मग घंटा आणखी मोठी का करत नाहीत? स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यातल्या मर्लिन इंजिनात तोंड घशाच्या १६ पट, निर्वातातल्या आवृत्तीत १६५ पट क्षेत्रफळाचे आहे. निर्वाताची घंटा जमिनीवर लावली तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खूपच खाली जातो, प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि तोही सगळीकडे सारखा नाही. एका बाजूने जोर बसून घंटा फाटू शकते. कित्येक सरकपट्टीवाली साधने इथे फक्त थ्रस्टचा आकडा कमी करून दाखवतात. हे चुकीचे अपयश आहे. साधनाने प्रवाह सुटल्याचा इशारा द्यायला हवा. देत नसेल तर शिक्षकाने सांगावे की इथून पुढे हा आकडा निरर्थक आहे.

टर्बोपंपाच्या (टर्बाइनने फिरणाऱ्या पंपाच्या) इंजिनांचे रंगीत नकाशे हा असाच प्रकार. निळे बाण, लाल बाण, फिरणारी चाके. सगळे बाण सारख्याच जाडीचे. पाहणाऱ्याला वाटते की पंप म्हणजे द्रव पुढे ढकलणारे साधे यंत्र. खरी गोष्ट दाबाच्या पायऱ्यांची आहे. आरएस-२५ च्या मुख्य कक्षात सुमारे २०६ बार दाब असतो. तिथे पोचण्याआधी हायड्रोजनला शीतन नळ्या, प्रीबर्नर (टर्बाइन फिरवणारा वायू तयार करणारा छोटा ज्वलनकक्ष), टर्बाइन आणि इंजेक्टर (कक्षात प्रणोदक फवारणारा भाग) यांतून जावे लागते आणि प्रत्येक ठिकाणी दाब थोडा खर्च होतो. म्हणून पंपातून बाहेर पडताना तो ४०० बारच्या वर असावा लागतो. टाकीत मात्र मोजके काही बार. विद्यार्थ्यांना टाकी, पंपाचे बाहेर सोडणारे तोंड, शीतन नळ्या, प्रीबर्नर, मुख्य कक्ष, नॉझलचे टोक ही सहा नावे द्या आणि दाबाच्या उतरत्या क्रमाने लावायला सांगा. बरेचजण मुख्य कक्ष सर्वांत वर ठेवतात, कारण आग तिथे दिसते. क्रम बरोबर लागला की टाकीतच ४०० बार दाब का भरत नाहीत, याचेही उत्तर त्यांना स्वतः काढता येते: तेवढा दाब सोसणाऱ्या भिंतींचे वजन रॉकेटला उचलवणार नाही.

आणि काही गोष्टी घरच्या संगणकावरचे सिम्युलेशन दाखवूच शकत नाही. माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनात ज्वलन अस्थिर होऊन दाबाच्या लाटा इंजेक्टर फोडत. ते बनवणाऱ्या रॉकेटडाइन कंपनीच्या अभियंत्यांनी इंजेक्टरच्या तोंडावर तांब्याच्या आडभिंती बसवून त्याचे कप्पे केले आणि चालू इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवून लाटा किती लवकर विझतात ते मोजले. पूर्ण आकाराच्या चाचण्याच सुमारे २००० झाल्या. गणिताने सुटत नव्हते, म्हणून करून पाहिले. सिम्युलेटरवर वाढलेल्या पिढीला हे सांगायला हवे, कारण तिला वाटते की उत्तर कुठेतरी प्रोग्रॅममध्ये आधीच लिहिलेले असते.

छोट्या मॉडेल रॉकेटसाठी ‘ओपनरॉकेट’ हे मोफत साधन दोन्ही कसोट्यांवर उत्तम उतरते. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या २००९ च्या एका पदव्युत्तर प्रबंधातून ते निघाले. त्यात रॉकेटचे भाग जोडले की गुरुत्वमध्य आणि दाबमध्य (हवेचा जोर जिथे एकवटल्यासारखा लागतो तो बिंदू) चित्रावरच दिसतात. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे, नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट अंतरावर असावा. त्याहून कमी असेल तर रॉकेट गटांगळ्या खाते. फार जास्त असेल तर ते वाऱ्याकडे तोंड वळवते आणि भलतीकडे जाते. मोठे पंख म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत इथे मोडते. इंजिन टोकाशी लावून बाकी रॉकेट खाली लटकवले की ते सरळ राहील, ही कल्पना तर अमेरिकन रॉकेट संशोधक रॉबर्ट गॉडार्ड यांनाही खरी वाटली होती. १६ मार्च १९२६ रोजी उडालेल्या त्यांच्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटमध्ये इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. थ्रस्टची दिशा रॉकेटबरोबरच वळते, त्यामुळे लटकवण्याचा काहीच उपयोग नसतो. गॉडार्ड यांनी पुढे इंजिन खाली नेले. ओपनरॉकेटमध्ये वजन पुढे-मागे सरकवून पाहणाऱ्याला हे पाच मिनिटांत दिसते.

त्यात नेहमी होणारी चूक म्हणजे साधनाने दिलेल्या वजनावर विसंबणे. गोंद आणि रंग यांचे वजन त्यात धरलेले नसते आणि ते बहुधा मागच्या बाजूला जाते. रॉकेट पूर्ण झाल्यावर, मोटर घालून, तराजूवर तोलायचे. दोरीवर तोलून गुरुत्वमध्य शोधायचा. मग ते दोन आकडे साधनात हाताने भरायचे. सुरुवातीला रॉकेटला सरळ ठेवणाऱ्या दांडीवरून सुटताना वेग किती असेल हेही आधी काढावे. पंखांना पकड येण्यासाठी सेकंदाला १३ ते १५ मीटर लागतात. सी६ या छोट्या तयार मोटरचा सरासरी थ्रस्ट ६ न्यूटन. १०० ग्रॅमच्या रॉकेटला तो गुरुत्व वजा जाता सेकंदाला सुमारे ५० मीटर प्रति सेकंद त्वरण देतो. एक मीटरच्या दांडीअखेर वेग १० मीटर. कमी पडला. वजन कमी करा, दांडी लांब घ्या किंवा मोटर बदला. थ्रस्ट सुरुवातीला सरासरीच्या दुपटीहून वर उसळतो, त्यामुळे साधन थोडा वेगळा आकडा देईल, पण दिशा हाताच्या हिशोबाने कळलेली असते.

पडद्याबाहेरचे सर्वांत स्वस्त इंटरॅक्टिव्ह साधन म्हणजे दोन लिटरची शीतपेयाची बाटली, एक तृतीयांश पाणी, दाबमापक असलेला सायकलचा पंप आणि मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा. ४ बार दाबाला पाणी तोंडातून सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने निघते. तोंडाचा आतला व्यास २१ मिलिमीटर धरला तर थ्रस्ट दोन गुणिले दाब गुणिले क्षेत्रफळ, म्हणजे सुमारे २७५ न्यूटन. पाऊण किलोच्या बाटलीला हे त्वरण गुरुत्वाच्या पस्तीसपटीहून जास्त आहे! पाणी संपायला एक दशांश सेकंद लागत नाही असे हिशोब म्हणतो; हवा पसरताना दाब जवळपास निम्मा होतो, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढा लागतो. सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेमच्या) साध्या चित्रणात हा सगळा प्रसंग तीन चौकटींत संपतो आणि काहीच मोजता येत नाही. २४० चौकटींवर २४ मिळतात. मागे दर दहा सेंटिमीटरला खूण केलेली उभी पट्टी लावायची, कॅमेरा तिपाईवर, पट्टीच्या मध्याच्या उंचीला आणि निदान चार मीटर लांब ठेवायचा. जवळ ठेवला तर वरच्या खुणा तिरक्या दिसून वेग चुकीचा भरतो. प्रत्येक चौकटीत बाटलीच्या तळाची उंची नोंदवली की वेग आणि त्वरणाचे आलेख हातात येतात. पाण्याऐवजी नुसती हवा भरली तर किती उंच जाईल, पूर्ण पाणी भरले तर किती, हे आधी लिहायला लावावे. पूर्ण भरलेली बाटली जमिनीवरच फसफसते, कारण पाणी ढकलायला दाबाखालची हवाच उरत नाही.

काळजीचे मुद्दे थोडे पण सक्तीचे आहेत. ५ बारच्या वर जाऊ नये, धातूचा कोणताही भाग लावू नये, डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, सोडण्याची दोरी लांबून ओढावी, बाटलीच्या वर कुणी वाकू नये. पंख चिकटवायला गरम गोंद वापरला तर प्लास्टिक मऊ पडते आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ते ठिसूळ होते. दोन्ही ठिकाणी पुढच्या वेळी बाटली फुटते. पांढुरके ओरखडे दिसू लागलेली बाटली टाकून द्यावी.

घरी घन प्रणोदक बनवून दाखवणाऱ्या व्हिडिओंना मात्र इंटरॅक्टिव्ह शिक्षण म्हणू नये. ते पाहून करणाऱ्याला धोक्याचे कारण कळलेले नसते. घन प्रणोदक जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो. ठोकळ्यात एक तडा गेला की जळणारा पृष्ठभाग वाढतो, त्याने दाब वाढतो, त्याने जळणे वाढते. जळण्याच्या वेगाच्या सूत्रात दाबाचा घातांक ०.५ असेल तर पृष्ठभाग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. व्हिडिओत तडा दिसत नाही. तो दिसतो तेव्हा मोटर बॉम्ब झालेली असते. हे समजावणारा आलेख दाखवावा आणि तयार, प्रमाणित मोटरीच वापराव्यात.

आभासी वास्तवाच्या चष्म्यांबद्दल इतकेच म्हणता येईल की इंजिनाच्या आत फिरून येण्याने भाग कुठे बसतो ते कळते, तो तिथे का बसतो ते कळत नाही. जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाला पहिले ज्ञान उपयोगी आहे. शाळेने त्यावरचा पैसा तराजू, दाबमापक आणि बरे कॅमेरे घेण्यात घालावा.

यावर शिक्षकांची तक्रार ठरलेली असते: वेळ नाही. ती खोटी नाही. अंदाज लिहिणे, चालवणे, फरक शोधणे, यात एक तास जातो आणि तेवढ्या वेळात सहा व्हिडिओ दाखवून होतात. पण सहांऐवजी एकच दाखवला म्हणून बुडते काय? वर दिलेल्या संशोधनाप्रमाणे, नुसत्या पाहिलेल्या सहांचे मोल शून्याच्या जवळ आहे.

थेट प्रक्षेपणे या कामी फार उपयोगी पडू शकतात. स्पेसएक्सच्या प्रक्षेपणात वेग आणि उंची पडद्यावर सतत दिसते. फाल्कन ९ चे उड्डाणावेळचे वस्तुमान सुमारे ५४९ टन आणि थ्रस्ट सुमारे ७६०० किलोन्यूटन. यावरून पहिल्या दहा सेकंदांअखेर वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास असणार हे आधी काढता येते. मग व्हिडिओ थांबवत दर पाच सेकंदांनी आकडा लिहायचा आणि त्वरण काढायचे. दर सेकंदाचा फरक घेतला तर पूर्णांकात गोल केलेल्या आकड्यांमुळे आलेख करवतीसारखा येतो, म्हणून पाच सेकंद. प्रणोदक जळत जाते तसे त्वरण चढते, हवेचा मारा सर्वाधिक असताना इंजिने मंद केल्याची खाच दिसते, टप्पे वेगळे होताना वेग थोडा उतरतो. हा वेग जमिनीच्या संदर्भात असतो, कक्षेतल्या वेगाशी तो थेट जुळत नाही. ही जागाही बहुतेक जण चुकतात.

इस्रोच्या पडद्यावरचा आलेख याहून बोलका आहे. ठरलेली रेषा आणि तिच्यावरून सरकणारी प्रत्यक्षातली खूण. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा लँडर उतरताना ती खूण रेषेवरून ढळलेली लाखो लोकांनी पाहिली आणि कुणी काही बोलण्याआधी काय झाले ते ओळखले. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ च्या वेळी तीच खूण शेवटपर्यंत रेषेवर राहिली. आलेख वाचणे हे कौशल्य इतक्या लोकांपर्यंत एकाच वेळी क्वचितच पोचले असेल.

आणि आलेख न काढण्याची किंमतही रॉकेटच्या इतिहासात नोंदलेली आहे. चॅलेंजर हे स्पेस शटल ज्यात नष्ट झाले, त्या २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाआधीच्या रात्री थंडीमुळे बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांना धोका आहे का यावर चर्चा झाली. समोर होती ती प्रामुख्याने झीज झालेल्या उड्डाणांची माहिती. नंतर चौकशी आयोगाने सगळी उड्डाणे तापमानापुढे मांडली, तेव्हा दिसले की १८ अंश सेल्सिअसच्या खालच्या चारही उड्डाणांत कड्यांवर परिणाम झाला होता आणि त्याहून उबदार हवेतल्या वीसेक उड्डाणांपैकी तिनांतच. त्या सकाळी तापमान २ अंशांच्या आसपास होते. ही माहिती घेऊन तोच आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. आधी फक्त झीज झालेल्या उड्डाणांचा, मग सगळ्यांचा.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या अवकाश संस्थांकडे यासाठी एक मागणी करायला हवी. प्रक्षेपणाच्या व्हिडिओबरोबर त्याच उड्डाणाची साधी तक्ता-फाइल द्यावी: वेळ, उंची, वेग, पुढे कापलेले अंतर, टप्पे सुटल्याच्या वेळा, सेकंदाला निदान दहा नोंदी. कक्षातला दाब देणे सुरक्षेच्या किंवा व्यापाराच्या कारणाने शक्य नसेल तर तो स्तंभ सोडावा. फसलेल्या उड्डाणांचीही फाइल द्यावी, ती आधी द्यावी. एरियान ५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण ४ जून १९९६ रोजी चाळीस सेकंदांच्या आत फुटले आणि जुलैतच चौकशी अहवाल सर्वांसमोर आला: एरियान ४ साठी लिहिलेला कार्यक्रम तसाच उचललेला, ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत मावला नाही, दोन्ही दिशादर्शक संगणक पाठोपाठ बंद पडले. आज जगभरच्या सॉफ्टवेअरच्या वर्गांत तो प्रसंग शिकवला जातो, कारण नेमके कारण आकड्यांसह सांगणारी वीसेक पाने कुणालाही वाचता येतात.